साडेत्रेचाळीस

“श्वास आत घे. अजून. हां, आता हलू नकोस.”

आईचा हा आवाज थोरलीला एरवी सकाळी ऐकू यायचा, आंघोळ करून कपाटाच्या आरशासमोर उभं राहिलं की. आज तो भर दुपारी आला, पॅटर्नच्या खोलीत, खाकी कागदावर पेन्सिलीने मुंढ्याची, म्हणजे बाही जोडायच्या जागेची, गोलाई काढत असताना. झालं इतकंच होतं, की बाहेरच्या दारात एक सिस्टर येऊन उभी राहिली होती आणि तिने उजवं कोपर बरगडीला घट्ट चिकटवून धरलं होतं. दुसऱ्या कुणाला वाटलं असतं, हात दुखावलाय. थोरलीला ती पकड ओळखीची होती. काखेत उसवलेलं असलं की बाई हात असा धरते. जगाची सगळी कामं एका हाताने करते आणि उरलेल्या हाताने स्वतःला झाकत राहते. थोरलीचं स्वतःचं कोपरही नकळत आत गेलं, आणि पेन्सिल गोलाई सोडून भलतीकडेच पळाली.

गणवेश शिवायचा तो कारखाना, म्हणजे एक लांबलचक हॉल. चौदा मशिनी, भिंतीशी इस्त्रीचं टेबल, एका टोकाला मालकीणबाईंचं टेबल आणि दुसऱ्या टोकाला काचेची भिंत घालून केलेली पॅटर्नची खोली. काच असल्यामुळे तिथून सगळं दिसायचं, आणि दार कायम सताड उघडं असल्यामुळे ऐकूही यायचं. सिस्टर थोरलीच्याच वयाची असेल, सव्वीस-सत्तावीसची. फिक्कट निळा अंगरखा, निळी विजार, तीन आठवड्यांपूर्वी इथूनच गेलेल्या साठ जोडांपैकी एक. ती मालकीणबाईंना सांगत होती, “सलाईन लावायला हात वर केला मॅडम, आणि टर्रकन गेला. पेशंटसमोर. आमच्या मजल्यावर सात जणींचे गेलेत, सगळ्यांचे इथेच.” मालकीणबाई आवाज चढवत नसत, हीच त्यांची जरब. “साईज कुठली भरलीत?” “लार्ज. बेचाळीस ते चव्वेचाळीस लिहिलं होतं. माझी त्रेचाळीस आहे.” “असेल तेव्हा. फॉर्म भरून चार महिने झाले. ड्यूटीवर बसून बसून शरीर सुटतं, त्याला कापड काय करणार?” “बसून?” सिस्टर हसली. “आमच्या वॉर्डात खुर्ची एकच आहे मॅडम, आणि तिला तीनच पाय आहेत.” इस्त्रीवाल्या बाई फिस्सकन हसल्या, मशिनीही ऐकायला थांबल्या. मग सिस्टरचा आवाज खाली आला, इतका की थोरलीने हातातला कागद सळसळू दिला नाही. “मलाही तुमच्यासारखंच वाटलं होतं. म्हणून पंधरा दिवस रात्रीचं जेवण सोडलंय. म्हटलं, थोडी उतरेन, मग बसेल अंगाला. मी उतरले. ड्रेस काही बसला नाही.”

थोरलीने मान वर केली ती थेट समोरच्या भिंतीकडे. तिथे टाचण्यांनी लावलेले चार कागद होते, चार मापांचे. तिसरा तिच्या अक्षरात. छाती बेचाळीस. दंड चौदा. कंबर सदतीस. सहा महिने तो कागद रोज डोळ्यांसमोर होता आणि रोज तो तिला जरा सुखावतही होता, खोटं का बोला. आज त्यावरचे आकडे तिला असे दिसले, जसा आपल्याच घरात आपल्याला न विचारता येऊन बसलेला पाहुणा दिसावा.

आई घरी शिवणकाम करायची. गल्लीतल्या अर्ध्या बायकांची मापं तिच्या वहीत होती आणि ती कुणाचं माप कुणाला सांगत नसे, वैद्याने रोग सांगू नये तसं. थोरली अकरा वर्षांची असताना शाळेच्या गणवेशासाठी आईने तिला पहिल्यांदा नीट उभं केलं, टेप गुंडाळली आणि तिचा हात क्षणभर थांबला. तो थांबलेला हात थोरलीला अजून पाठीवर जाणवतो. “श्वास आत घे,” आई म्हणाली. मग वहीत लिहिताना, स्वतःशी बोलावं तसं, “दीड इंच कमीच धरते. टोचलं की लक्षात राहील.” आणि टोचलं. शर्ट काखेत काचायचा, दंडावर लाल वळ उठायचा, खाली बसलं की पोटाजवळचं बटण काजाच्या जिवावर उठायचं. आईचा राग नव्हता त्यात. चांगल्या घरातलं माणूस पोराच्या औषधात साखर घालत नाही, तशी ती कपड्यात सैलपणा घालत नव्हती. धाकटी तिच्याहून पाच वर्षांनी लहान, वेतासारखी. तिच्या कपड्यांना मात्र आई भरपूर माया ठेवायची, म्हणजे शिलाईच्या आत दुमडलेलं जास्तीचं कापड, पुढे उसवून वाढवता यावं म्हणून. थोरलीच्या कपड्यांत उसवायला काही नसायचं. ती वाढणार नव्हती, तिने कमी व्हायचं होतं. आत्या यायची तेव्हा दारातूनच म्हणायची, “काय गं, वारा खाल्लास तरी अंगी लागतो वाटतं तुझ्या?” आणि सगळे हसायचे, थोरली सगळ्यांत आधी. आधी हसलं की कमी लागतं, हे तिला तेव्हाच कळलं होतं.

मग मोठेपणी कुणी सांगायची गरज उरली नाही. सोमवारी दूध बंद, गुरुवारी भात बंद, पंधरवड्यातून दोन दिवस नुसतं पाणी. शेजारच्या आजी खरोखरच उपास करायच्या. त्या दिवशी त्यांच्या चेहऱ्यावर घासलेल्या समईसारखं काहीतरी दिसायचं, भूक असायची पण तिला कुठेतरी ठेवायला जागा असायची. थोरलीच्या उपासाला देव नव्हता. ती कुणासाठीच उपाशी राहत नव्हती, कुणाच्या तरी विरुद्ध राहत होती, आणि ते कुणीतरी तिच्याच कातडीत राहत होतं. संध्याकाळी भोवळ येऊन जिन्यावर बसावं लागलं, की तिला वाटायचं, आज जिंकले. जिंकलं कोण आणि हरलं कोण, हे विचारायला डोकं ताळ्यावर नसायचं. आणि दीड इंच हाताला लागून गेला होता. कुठलाही फॉर्म असो, दुकानातली बाई असो, स्वतःचा ड्रेस बेतायचा असो, आकडा तिच्या तोंडून किंवा पेन्सिलीतून दीडने कमी होऊनच बाहेर यायचा. खोटं बोलतोय असं वाटतच नसे. माणूस पत्ता सांगताना घरातला पसारा सांगतो का, तसं.

सहा महिन्यांपूर्वी मास्तर म्हणाले होते, “लार्ज तू.” मास्तर म्हणजे पॅटर्नच्या खोलीचे मालक, मालकीणबाई काहीही म्हणोत. पांढऱ्या मिशा, कानावर खडू, आणि मापाच्या पुस्तकांवर जन्माचा राग. “पुस्तकातली बाई अजून जन्माला यायचीय,” ते म्हणत. “प्रत्येक साईजला एक जिवंत माणूस पाहिजे. चालणारं, वाकणारं, चहा पिणारं.” त्यामुळे स्मॉल म्हणजे काज-बटणवाली, मीडियम म्हणजे हिशेब लिहिणारी, डबल एक्सेल म्हणजे इस्त्रीवाल्या बाई, त्या तर म्हणायच्या, “अर्ध्या गावाची सफाई माझ्या मापात चाललीय.” माप घ्यायचीही त्यांची रीत होती. एकीने टेप धरून आकडा मोठ्याने सांगायचा, दुसऱ्याने तो मोठ्याने म्हणत लिहायचा, आणि जिचं माप चाललंय तिने सारखं बोलत राहायचं, काहीही, भाजीचे भाव सांगितले तरी चालतील. कारण बोलता बोलता पोट आत धरता येत नाही. थोरलीची पाळी आली तेव्हा ती उठली खरी, पण चेहऱ्याचा रंग गेला. मास्तरांनी ते पाहिलं आणि चाळीस वर्षांत पहिल्यांदा आपली रीत मोडली. “तुझं तू घरून लिहून आण,” ते हळूच म्हणाले. तिने आणलं. त्या बेचाळीस-चौदा-सदतीसवरून लार्जचा कागद कापला गेला, मुंढा अर्थातच दंडाच्या हिशेबाने आत गेला, आणि कागदावरून कापड, कापडावरून साठांतले एकवीस अंगरखे. वीस मुली आणि ही सिस्टर. एकवीस जणी हात वर करताना घाबरणाऱ्या.

“जरा इकडे ये,” मालकीणबाईंनी काचेतून बोट हलवलं. सिस्टरला त्यांनी बाकावर बसवलं होतं. ती एका हाताने पाणी पीत होती. “भिंतीवरच्या लार्जच्या मापाची झेरॉक्स काढ. पत्राला जोडायची. माप फॉर्मप्रमाणेच आहे, कर्मचाऱ्यांनी वजनाकडे लक्ष द्यावं, इतकंच लिहितेय. गोड शब्दांत.” थोरली म्हणाली, “हो.” तिच्या तोंडातून हो इतक्या सवयीने निघायचा की तिने तो ऐकलाही नाही. टाचण्या काढल्या, कागद घेतला, झेरॉक्सच्या मशीनचं झाकण उघडलं. काच गरम होती. कागद पालथा घालायचा आणि हिरवं बटण दाबायचं, दोन सेकंदांचं काम. मग या आकड्यांवर कारखान्याचा शिक्का बसणार, ते पत्र हॉस्पिटलात जाणार, कुठल्यातरी फळ्यावर लागणार, आणि एकवीस जणी ते वाचून मान खाली घालणार. कुणी भात सोडेल. कुणी दूध. कुणी जिन्यावर बसून म्हणेल, आज जिंकले. तिला एकदम आठवलं, शाळेत असताना एका स्नेहसंमेलनात तिने नाचायचं नाकारलं होतं, पाय दुखतोय म्हणून. पाय दुखत नव्हता. ड्रेस हात वर करू देत नव्हता. इतकी वर्षं ती समजत होती की आपल्याला नाच येत नाही.

झाकण उघडंच ठेवून ती वळली. चोरी तिचीच होती. आणि चोराला पकडून द्यायलाही तीच निघाली होती. मालकीणबाईंच्या टेबलापर्यंत चौदा मशिनींच्या मधून जायचं. सगळ्या पुन्हा खटखटत होत्या, बरं होतं. “मॅडम, हे माप चुकलंय.” “कुणाचं?” “माझं. मीच लिहिलंय. दीड इंच कमी.” मालकीणबाईंनी चष्मा काढला. त्या स्वतः अंगाने काडी. दुपारी डब्यात दोन काकड्या आणायच्या आणि त्यातली एक परत न्यायच्या. “का पण?” त्यांनी विचारलं, आणि त्यात राग नव्हता, खरंच प्रश्न होता. थोरली म्हणाली, “सवय आहे.” जवळच्या दोन मशिनी थांबल्या. इस्त्रीवाल्या बाई वाफेतून म्हणाल्या, “अगं माझे आई, मी वय कमी सांगते ते सांगते, पण त्या वयावर कुणी कपडे शिवत नाही गं.” हशा पिकला. आत्याच्या वेळचं ते जुनं हसू थोरलीच्या ओठांपर्यंत धावत आलं, सगळ्यांच्या आधी. तिने ते येऊ दिलं नाही. ती हसली नाही, म्हणून हळूहळू बाकीचंही हसू विरलं, आणि त्या शांततेत उभं राहणं हे त्या दिवसातलं सगळ्यात अवघड काम होतं.

“ठीक आहे,” मालकीणबाई म्हणाल्या, “आकडा बदल. पण पत्रात ते नको. कापड आटलं लिहू.” “कापड आटलेलं नाही मॅडम. आपण धुवून कापतो.” “तुला कळतंय का तू काय बोलतेस? त्यांनी ऑर्डर काढून घेतली, तर पॅटर्नच्या टेबलावर तू राहणार नाहीस. बटणं लावायला बसवीन.” पाच वर्षं. काज-बटणापासून त्या काचेच्या खोलीपर्यंत यायला थोरलीला पाच वर्षं लागली होती, आणि त्या खोलीत, कागदावर एक रेष ओढून कापडात माणूस बसवायच्या त्या कामात, ती दिवसभरात एकदाही स्वतःच्या पोटाचा विचार करत नसे. तेवढीच तिची सुट्टी होती. ती जाईल. थोरली म्हणाली, “बसवा. पण त्या मुली फुगलेल्या नाहीत. आपण आखूड कापलंय. तेवढं लिहा.”

मास्तर कधी काचेच्या खोलीतून बाहेर आले ते कुणाला कळलं नाही. कानावरचा खडू काढून ते म्हणाले, “चूक माझीपण आहे. मला डोळ्याला दिसत होतं. बेचाळीस नाही ही पोर, हे मला पहिल्या दिवशीच दिसत होतं. म्हटलं, लिहून दिलंय, कशाला उकरा. लाज राखायला गेलो तिची.” थोरली त्यांना म्हणाली, “लाज नव्हती मास्तर ती. भीती होती.” मग, आपलाच आवाज आपल्याला परका वाटावा तशी, “आत्ता घ्या माप. तुमच्या रीतीने. इथेच.”

इथेच म्हणजे हॉलच्या मधोमध. इस्त्रीवाल्या बाईंनी हात पुसून टेप घेतली. मास्तरांनी पाठ वळवली आणि कागद पॅटर्नच्या टेबलावर न नेता मशीनवर ठेवून लिहायला उभे राहिले, म्हणजे आकडा ऐकू येईल आणि बाकी काही दिसणार नाही. टेपची थंड पट्टी काखेखालून आली आणि थोरलीचं सगळं अंग एका हुकमाने आत खेचलं गेलं. सोळा वर्षांचा सराव. फासळ्या वर, पोट पाठीला. “बोल,” मास्तर तिकडे बघत म्हणाले. “सकाळी काय खाल्लंस ते सांग.” “काही नाही.” “बरं, काल रात्री?” इस्त्रीवाल्या बाईंनी टेप सैल केली, तिच्याकडे पाहिलं, आणि नेहमीची थट्टा न करता नुसत्या थांबून राहिल्या. काय बोलावं? काहीच सुचेना. तोंड उघडलं तर श्वास जाईल, श्वास गेला तर सगळं बाहेर येईल. समोर बाकावर सिस्टर होती, कोपर बरगडीशी, डोळे हिच्यावर. तिच्या डोळ्यांत दया नव्हती. परीक्षेच्या हॉलमध्ये शेजारणीला पेपर सुटतोय का, हे बघावं तसं ती बघत होती. थोरली तिलाच म्हणाली, “सिस्टर, तुमची पाळी किती वाजता बदलते?”

“सकाळी सात.”

“सातला म्हणजे रात्रीच्या आणि दिवसाच्या, दोन्ही असतात?”

“अर्धा तास असतात. कपडे बदलायच्या खोलीत.”

“छाती साडेत्रेचाळीस,” इस्त्रीवाल्या बाईंनी मोठ्याने सांगितलं. “साडेत्रेचाळीस,” मास्तरांनी मोठ्याने म्हणत लिहिलं. आकडा हॉलमध्ये सुटला, मशिनींवरून गेला, चौदा जणींच्या कानांत शिरला. थोरली वाट बघत राहिली. छप्पर जागेवर होतं. काज-बटणवालीने दोऱ्याचं टोक दाताने तोडलं.

“मग उद्या सातला मी येते,” ती म्हणाली, आणि आता शब्द आपोआप येत होते, पोट आपल्या जागी येऊन बसलं होतं, घरी आलेल्या माणसासारखं. “सगळ्यांची मापं नव्याने घेते. नुसती उभ्याने नाही. हात वर करून, वाकून, पलंगावरचा माणूस उचलताना होतं तसं. ज्या ताईंना आकडा दुसऱ्यांसमोर नको असेल, त्यांचा मी कानात सांगेन. पण कमी लिहिणार नाही.”

“दंड साडेपंधरा.” “साडेपंधरा.” “कंबर साडेअडतीस.” “साडेअडतीस.”

“नक्की येणार का?” सिस्टरने विचारलं. “मला तिकडे सांगावं लागेल. रात्रभर उभ्या असतात मुली. थांबवून ठेवायचं आणि कुणी आलं नाही, तर मला ऐकून घ्यावं लागेल.”

“येणार. सांगा त्यांना.”

मालकीणबाईंनी चष्मा पुन्हा चढवला. “आठला टेबलावर हजर पाहिजेस,” त्या म्हणाल्या. “आणि पत्रात मी तुझ्या खोलीची चूक म्हणून लिहिणार आहे. पुढचं ते लोक काय करतात त्यावर.” “लिहा.” मास्तर सिस्टरच्या उसवलेल्या काखेकडे बघून पुटपुटत होते, “दोन्ही बाजूंना पाऊण इंच माया आहे, आणि काखेत एक तुकडा जोडला की हात उघडेल. वाया नाही जात काही.” सिस्टर उठली. जाताना तिने दारातच तो हात बरगडीपासून सोडवला आणि पर्सचा पट्टा खांद्यावर नीट केला. काखेतलं उसवलेलं दिसलं. दिसू दिलं तिने. थोरलीने नवा कागद भिंतीवर लावला आणि चारही टाचण्या अंगठ्याने दाबल्या. जुना कागद तिने फाडला नाही की चुरगाळला नाही. पाठीमागून कोरा होता, त्यावर तिने मुंढ्याची मघाशी बिघडलेली गोलाई पुन्हा काढून बघितली.

संध्याकाळी घरी आली तेव्हा आई खिडकीशी मशीनवर होती. धाकटी शिकवणीला गेली होती. थोरलीने चप्पल काढली आणि काही ठरवायच्या आत सांगून टाकलं, सगळं, हॉल, टेप, सिस्टरचं पंधरा दिवस सोडलेलं जेवण. आईचा पाय पेडलवर चालूच होता. मग ती खाली बघूनच म्हणाली, “मी काही तुझं वाईट व्हावं म्हणून नव्हते शिवत. लोकांनी तुला नावं ठेवू नयेत म्हणून.”

“माहीत आहे मला. पण लोकांच्या आधी तूच ठेवलीस ना गं.”

तिने ते इतकं हळू म्हटलं की भांडण करायचं असतं तरी झालं नसतं. आईने कापड फिरवलं. “किती निघाली?” तिने विचारलं. “साडेत्रेचाळीस.” “मला वाटलंच होतं.” मग एकदम, जशी घरातली गोष्ट घरात राहावी, “बाहेर कुणाला सांगू नकोस हं.” “भिंतीवर लावलीय आई.” आईचा पाय थांबला. तिने मान वर करून थोरलीकडे पाहिलं, डोक्यापासून पायापर्यंत, गिऱ्हाइकाकडे बघायची तसं, आणि त्या नजरेला पहिल्यांदाच टेप नव्हती. नुसतीच दमलेली नजर. “माझी तुझ्या वयात पंचेचाळीस होती,” ती म्हणाली. “माझ्या आईने मला कधी एका ताटात पुरतं वाढलं नाही. मला वाटायचं, असंच करतात मुलींना.” आईने पुन्हा मशीन सुरू केली आणि चांगली वीतभर शिलाई मारली. सुईत दोरा नव्हता. कापडावर भोकांची एक सरळ रांग उमटत गेली, आणि ते आईला दिसत होतं की नाही, कोण जाणे.

त्या संध्याकाळी थोरली ताट वाढून घेऊन बसली. कुणी म्हणेल, यात काय बंड. पण तिला ते बंडच होतं. पहिल्या घासाला हात इतका जड झाला होता, जसं काही बंदी असलेल्या घरात शिरतोय. ताई म्हणवणाऱ्या किती जणींनी मासिकांतून, मोबाईलवरून तिला सांगितलं होतं, स्वतःच्या शरीरावर प्रेम करा. तिला ते कधी जमलं नव्हतं आणि आजही जमत नव्हतं. आरशातला दंड आवडत नव्हता, पोट आवडत नव्हतं. पण आवडलंच पाहिजे असं कुठे आहे? शेजारीण आवडत नाही म्हणून कुणी तिचं पाणी तोडतं का? तिच्या दारात कचरा टाकतं का? या देहाने सोळा वर्षं काय गुन्हा केला होता? तो भोवळ येऊन बसला, पुन्हा उठला, दहा तास उभा राहिला, एक रेष वाकडी न जाऊ देता कागदावर कागद कापत राहिला. मालकाने इतकं छळलेला दुसरा नोकर असता तर कधीच सोडून गेला असता. आत कुणीतरी म्हणत होतं, बस कर आता, दोन घास कमी. ती त्याच्याशी भांडली नाही. कीर्तनात मागे बसून बडबडणाऱ्याकडे बघत नाहीत, तसं तिने त्याला बडबडू दिलं आणि भात अजून घेतला. पोटभर म्हणजे कुठपर्यंत, हे तिला आठवेना. मग ती हळूहळू जेवत राहिली, पोट स्वतःच सांगेपर्यंत. ते सांगायला आलं, उशिराने, जरा बिचकत. ती थांबली.

सकाळी साडेपाचला तिला जाग आली तेव्हा मनात भीतीच होती, ठरवल्यासारखी हजर. आठला काय होईल, बटणांचं टेबल, हॉस्पिटलचं उत्तर. शिवाय साठ अनोळखी बायका, आणि त्यांच्यासमोर हातात टेप घेऊन उभी राहणारी आपल्यासारखी बाई. कुणीतरी म्हणेलच काहीतरी. म्हणू दे. तिने दोन जाड पावाचे तुकडे आणि दूध घेतलं, उभ्याने नाही, बसून. पिशवीत वही घातली, तीन पेन्सिली, साठ जणींची नावं लिहायला रेघा मारलेले कागद. दुसरी टेप शोधायला ती आईच्या ड्रॉवरकडे वळली, तर आई अंथरुणातूनच म्हणाली, “वरची घेऊ नकोस, ती ताणलीय. खोटं दाखवते. खालची घे.” थोरलीने खालची घेतली.

धाकटी झोपलेली होती. दार तिने आवाज न करता ओढून घेतलं. जिना उतरताना तिने मनाशी ठरवलं, तिथे गेल्यावर पहिली कोण, असं विचारायचं नाही. असं विचारलं की सगळ्या भिंतीला टेकतात. टेप आधी सिस्टरच्याच हातात द्यायची, आपण मधे उभं राहायचं, हात वर करायचे, आणि रात्रभर जागलेल्या मुलींना विचारायचं, की आज कसा गेला वॉर्ड. बाहेर उजाडू लागलं होतं. सहा वाजून दहा मिनिटं झाली होती. हॉस्पिटलपर्यंत चालत पस्तीस मिनिटं. बसची वाट न बघता ती चालू लागली.